नायट्रॉक्सचा कोर्स कसा निवडावा: कार्ड सारखेच, शिकवणी वेगवेगळी

नायट्रॉक्स म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्यासाठी ऑक्सिजन वाढवलेली हवा. नायट्रॉक्स डायव्हरचे कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, कुठल्याही नावाजलेल्या प्रशिक्षण एजन्सीचे घ्या, त्याने मिळणारी मुभा जवळपास एकच असते. ४० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असलेल्या मिश्रणावर डायव्ह करता येतो आणि खोलीची मर्यादा तुमच्या मूळ प्रमाणपत्राचीच राहते. डायव्ह सेंटर आणि काही दिवस मुक्कामाच्या सफारी बोटी एकमेकींच्या एजन्सींची कार्डे सहज मानतात. त्यामुळे बरेच जण जो कोर्स लवकर संपेल आणि कमी पैशांत होईल तो उरकून टाकतात. कार्ड हातात येते, पण बोटीवर टाकी समोर आली की ॲनालायझर (टाकीतला ऑक्सिजन मोजणारे यंत्र) दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतो आणि हे डायव्हर त्याने सांगितलेला आकडा वहीत उतरवून सही करतात. अशा डायव्हरने कोर्स केला काय आणि न केला काय, फरक फारसा नाही.

म्हणून या लेखात एजन्सींची क्रमवारी लावलेली नाही. कोर्समध्ये तुमच्या स्वतःच्या हातून काय काय होणार आहे, त्यावरून कोर्स कसा तोलायचा ते इथे सांगितले आहे. त्यासाठी थोडे गणित आधीच करावे लागेल. ते टाळू नका, कारण समोरचा इन्स्ट्रक्टर पुरेसे शिकवतोय की नाही हे त्याच गणितावरून ओळखता येते.

पायरी १: तुम्हाला नायट्रॉक्सचा उपयोग होणार आहे का, ते आकड्यांत पाहा

साध्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ७९ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन वाढवलेला असतो; ३२ आणि ३६ टक्के ही दोन मिश्रणे सर्वाधिक वापरात आहेत. नायट्रोजन कमी, म्हणून शरीरात तो कमी साठतो, आणि डीकम्प्रेशनची, म्हणजे वर येताना वाटेत थांबून तो बाहेर पडू देण्याची, गरज न पडता त्याच खोलीवर जास्त वेळ थांबता येते. फायदा एवढाच आहे, पण तो खरा आहे.

आता जे फायदे नायट्रॉक्सच्या नावावर खपवले जातात ते बाजूला काढू. नायट्रॉक्सने खोल जाता येत नाही. उलट हवेपेक्षा मर्यादा उथळ होते. टाकी जास्त वेळ पुरत नाही, कारण तुमचा श्वास तेवढाच राहतो. नायट्रोजनची गुंगी कमी होते असे गृहीत धरू नये, कारण दाबाखाली ऑक्सिजनही गुंगी आणत असावा असे मानले जाते. डायव्हनंतर थकवा कमी जाणवतो असे अनेक डायव्हर मनापासून सांगतात, पण चाचण्यांतून ते ठामपणे सिद्ध झालेले नाही. कोर्सच्या जाहिरातीत पहिलाच मुद्दा 'थकवा कमी' हा असेल, तर पुढचे मुद्दे जरा सावधपणे वाचा.

उपयोग होईल की नाही हे तुमच्या श्वासाच्या वेगावर फार अवलंबून असते. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली आणि ५० बार राखीव ठेवले, तर वापरायला १८०० लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या डायव्हरला ३० मीटरवर, म्हणजे ४ बार दाबाखाली, ८० लिटर लागतात. त्याची हवा साडेबावीस मिनिटांत संपते, आणि त्यातच उतरणे-चढणेही आले. पॅडी या एजन्सीच्या तक्त्यात ३० मीटरला साध्या हवेवर नो-डेको मर्यादा (डीकम्प्रेशनशिवाय राहता येईल तो वेळ) २० मिनिटांची आहे. म्हणजे दिवसाच्या पहिल्या डायव्हला या माणसाला नायट्रॉक्सने वाढलेल्या वेळेचा उपयोग जवळजवळ होणारच नाही. त्याची टाकी त्याला आधीच वर आणेल. मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्या डायव्हरचे चित्र वेगळे आहे. त्याला ३० मीटरवर तीस मिनिटे मिळतात, आणि तिथे हवेची २० मिनिटांची मर्यादा त्याला खरोखर आड येते.

मात्र हा हिशेब पहिल्या डायव्हचा आहे. दिवसाला तीन-चार डायव्ह, सलग काही दिवस असा बेत असेल तर शरीरात उरलेल्या नायट्रोजनमुळे प्रत्येक पुढच्या डायव्हची मर्यादा आखडत जाते, आणि तिथे नायट्रॉक्स मोठ्या श्वासाच्या डायव्हरलाही कामी येतो. सफारी बोटींवर नायट्रॉक्सचा एवढा वापर याचमुळे होतो. १८ ते ३० मीटर या पट्ट्यात, दिवसाला दोनाहून जास्त डायव्ह करणार असाल तर कोर्स जरूर करा. वर्षातून एखाददुसऱ्या सहलीत १२ मीटरच्या प्रवाळांवर तरंगणार असाल तर तेच पैसे आधी तरंगण्यावर ताबा मिळवून देणाऱ्या कोर्सवर घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी २: चार हिशेब स्वतः करून पाहा

इन्स्ट्रक्टरला भेटण्याआधी हे चार हिशेब कागदावर जमले पाहिजेत. कोर्समध्ये ते पुन्हा होतील, पण आधी केलेले असले की प्रश्न नेमके विचारता येतात.

पहिला, ऑक्सिजनचा आंशिक दाब. खोलीवरचा एकूण दाब गुणिले ऑक्सिजनचा अंश. ३० मीटरवर दाब ४ बार. ३२ टक्क्यांचे मिश्रण असेल तर ४ × ०.३२ = १.२८ बार. मनोरंजनासाठी केलेल्या डायव्हिंगमध्ये १.४ बार ही कामाची मर्यादा धरतात, आणि १.६ हा फक्त अडीअडचणीचा टप्पा. त्याच ३० मीटरवर ३६ टक्क्यांची टाकी असेल तर दाब १.४४ होतो, म्हणजे मर्यादा ओलांडली. खोली तीच, टाकीचा रंग तोच, फक्त चार टक्क्यांचा फरक. टाकी स्वतः तपासण्यावर एवढा भर का, ते इथेच कळते.

दुसरा, कमाल खोली. १.४ ला ऑक्सिजनच्या अंशाने भागा, १ वजा करा, १० ने गुणा. ३२ टक्क्यांना ३३.७५ मीटर येतात, ३६ ला २८.९ आणि ४० ला बरोबर २५. उत्तर नेहमी खाली उतरवून घ्यायचे: ३३, २८, २५. ४० टक्क्यांची टाकी घेऊन कुणी ४० मीटरवर गेला, तर तो २.० बारने ऑक्सिजन ओढत असेल.

तिसरा, समतुल्य हवा-खोली. नायट्रोजनच्या दृष्टीने हा डायव्ह साध्या हवेवरच्या किती खोलीच्या डायव्हसारखा आहे, हे त्यातून कळते. खोलीत १० मिळवा, मिश्रणातल्या नायट्रोजनच्या अंशाने गुणा, ०.७९ ने भागा, १० वजा करा. ३० मीटर आणि ३२ टक्के घेतले तर ४० × ०.६८ ÷ ०.७९ = ३४.४, त्यातून १० गेले, उरले २४.४ मीटर. तक्त्यात पुढची ओळ २५ मीटरची, तिथे मर्यादा २९ मिनिटे. हवेवर २० होती, आता २९.

चौथा, ऑक्सिजनचा वेळेनुसार साठत जाणारा भार. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे १.४ बारवर एका डायव्हला कमाल १५० मिनिटे आणि २४ तासांत १८० मिनिटे, १.३ वर १८० आणि २१०, १.६ वर फक्त ४५ आणि १५०. १.४ वर ४५ मिनिटे काढली तर ४५ ÷ १५० = ३० टक्के भार झाला. डायव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ मोजून मर्यादा सांगणाऱ्या यंत्रावर, हाच आकडा सीएनएस (मध्यवर्ती मज्जासंस्था) टक्के म्हणून दिसतो. दोन-तीन डायव्हच्या साध्या दिवसात तो सहसा चिंतेपर्यंत जात नाही, पण दिवसाला चार-पाच डायव्ह असतील तर त्याकडे लक्ष ठेवावे लागते.

या मर्यादा मोडल्या तर काय होते, तेही स्वच्छ माहीत हवे. ऑक्सिजनच्या जास्त दाबाने मज्जासंस्थेवर विषबाधा होते. नजर अरुंद होणे, कानात आवाज, मळमळ, ओठ आणि चेहऱ्याचे स्नायू फुरफुरणे, चिडचिड, चक्कर ही लक्षणे सांगितली जातात. पण यातले एकही लक्षण न दिसता थेट झटका येऊ शकतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातून रेग्युलेटर (टाकीतून श्वास घेण्याचे साधन) सुटणे आणि बुडणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी केलेल्या प्रयोगांत दिसले की सहनशक्ती माणसागणिक तर बदलतेच, पण त्याच माणसाची आज आणि उद्याही वेगळी असते. म्हणून 'मला मागच्या वेळी काही झाले नाही' या अनुभवाला इथे किंमत नाही. दमछाक आणि त्यामुळे साठणारा कार्बन डायऑक्साइड धोका वाढवतात. प्रवाहाविरुद्ध पोहावे लागणार असेल तर १.४ च्याही आत राहावे.

पायरी ३: कोर्सचे प्रकार ओळखा

नायट्रॉक्स मनोरंजनाच्या डायव्हिंगमध्ये आला तो मागच्या दाराने. १९७० च्या दशकात नोआने आपल्या शास्त्रज्ञ-डायव्हरसाठी त्याच्या पद्धती बसवल्या. तिथून निवृत्त झालेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ मध्ये नायट्रॉक्स शिकवणारी संस्था काढली. तीच पुढे आयएएनटीडी झाली. मुख्य प्रवाहातल्या अनेकांचा तेव्हा कडवा विरोध होता. 'व्हूडू गॅस' हे नाव त्याच काळातले. नाउई या एजन्सीने १९९२ मध्ये मान्यता दिली, पॅडीने १९९६ मध्ये. आजच्या कोर्समधले फरक या इतिहासातूनच आले आहेत. तांत्रिक डायव्हिंगमधून आलेल्या संस्था सूत्रांवर भर देतात, आणि उशिरा आलेल्या मोठ्या संस्थांनी कोर्स डायव्ह कॉम्प्युटरभोवती बांधला.

कॉम्प्युटरभोवती बांधलेला कोर्स सर्वाधिक ठिकाणी मिळतो. पॅडीचा एनरिच्ड एअर डायव्हर या गटातला. वयाची अट १२ वर्षे, आधी ओपन वॉटर हे डायव्हिंगचे पहिले प्रमाणपत्र किंवा त्याचे ज्युनियर प्रमाणपत्र असावे लागते, मर्यादा ४० टक्के. थिअरी ऑनलाइन करता येते, नंतर ॲनालायझर आणि कॉम्प्युटरचा प्रत्यक्ष सराव. पाण्यातले दोन डायव्ह ऐच्छिक आहेत, म्हणजे पाण्यात न उतरताही कार्ड मिळू शकते. एसडीआयने तर नावच कॉम्प्युटर नायट्रॉक्स ठेवले आहे. एसएसआयमध्ये दोन पातळ्या आहेत, एक ३२ टक्क्यांपर्यंतची आणि दुसरी ४० पर्यंतची. तिथे नाव नोंदवताना कार्डावर कोणती पातळी येणार हे विचारलेच पाहिजे, नाहीतर पुढे एखाद्या बोटीवर ३६ ची टाकी नाकारली जाईल.

दुसरा प्रकार सूत्रांना धरून चालणाऱ्यांचा: टीडीआयचा नायट्रॉक्स डायव्हर, आयएएनटीडीचा कोर्स. मर्यादा इथेही ४० टक्के, पण गणित, तक्ते आणि शरीरशास्त्र अधिक खोलात शिकवले जाते. पुढे डीकम्प्रेशन डायव्हिंगकडे वळायचे मनात असेल तर पाया इथेच घातलेला बरा. सीमास या जागतिक डायव्हिंग संघटनेच्या संलग्न महासंघांतही प्राथमिक आणि प्रगत अशा दोन नायट्रॉक्स पातळ्या असतात.

तिसऱ्या प्रकारात नायट्रॉक्स वेगळा शिकवतच नाहीत. ब्रिटनच्या बीसॅक या डायव्हिंग संस्थेने तो आपल्या पहिल्याच पातळीच्या प्रशिक्षणात घातला आहे. जीयूई या एजन्सीमध्ये फंडामेंटल्स कोर्सबरोबर नायट्रॉक्स येतो, आणि तिथे ३२ टक्के हेच ठरलेले मिश्रण वापरतात. सगळ्या टीमकडे एकच मिश्रण असले की खोली, वेळ आणि सवयी सगळ्यांच्या एकसारख्या होतात, चूक व्हायला जागा कमी उरते. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. पण तो कोर्स मुळात तरंगणे, पाण्यातली स्थिती आणि टीमवर्क यांचा आहे, काही दिवस चालतो आणि कसून घेतला जातो. फक्त नायट्रॉक्ससाठी तिथे जाऊ नये. त्या शिस्तीसाठी जावे, नायट्रॉक्स मिळेलच.

नायट्रॉक्सच्या प्रशिक्षणात किमान काय असावे याचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १११०७. कोर्स त्याला धरून आहे का असे विचारायला हरकत नाही, पण 'हो' एवढ्या उत्तराने समाधान मानू नका. किमान अटी कागदावर पूर्ण होतात; त्या कशा पूर्ण करून घेतल्या जातात ते सेंटरवर ठरते.

पायरी ४: सेंटरला हे विचारा

एजन्सी ठरवण्याआधी तुमच्या आवाक्यातल्या दोन-तीन सेंटरशी बोला. एकाच एजन्सीचे दोन इन्स्ट्रक्टर जितके वेगळे असतात, तितक्या दोन एजन्सीही वेगळ्या नसतात. उत्तर काय मिळते याबरोबरच ते किती सहज मिळते तेही ऐका.

ॲनालायझर माझ्या हातात किती वेळा येईल? एका टाकीवर सगळ्या वर्गाने डोकावून पाहिले, याला सराव म्हणत नाहीत. किमान दोन वेगवेगळ्या मिश्रणांच्या टाक्या तुम्ही स्वतः, सुरुवातीच्या कॅलिब्रेशनपासून, तपासायला हव्यात. शक्य असेल तर दोन वेगळ्या बनावटीचे ॲनालायझर वापरून पाहा, कारण प्रवासात भेटणारा ॲनालायझर तुमच्या सेंटरसारखाच असेल याची खात्री नाही.

पाण्यातले डायव्ह किमतीत धरले आहेत का? धरलेले नसतील तर वेगळे पैसे देऊन किमान एक डायव्ह इन्स्ट्रक्टरबरोबर कराच. नायट्रॉक्सचा डायव्ह पाण्यात हवेसारखाच वाटतो, म्हणून डायव्हची गरज काय, असा युक्तिवाद केला जातो. पण नेमकी तीच अडचण आहे. टाकीत काय आहे हे शरीराला कळत नाही. ३३ मीटरची मर्यादा आणि खाली ४० मीटरपर्यंत जाणारी भिंत असताना खोलीवर नजर ठेवायची सवय खुर्चीवर बसून लागत नाही.

कोर्स माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर होईल का? सेंटरच्या कॉम्प्युटरवर शिकलेली बटणे घरी येईपर्यंत विसरतात.

हाताने हिशेब करून घेता का? कॉम्प्युटरभोवतीच्या कोर्समध्येही चांगला इन्स्ट्रक्टर कमाल खोलीचे सूत्र हाताने करून घेतोच. 'कॉम्प्युटर सांगतो, तुम्ही कशाला डोके शिणवता' असे म्हणणाऱ्याकडे मी कुणालाही पाठवणार नाही. कॉम्प्युटरला टाकीत काय आहे ते माहीत नसते. तुम्ही जो आकडा भराल त्यावर तो विश्वास ठेवतो.

तुमच्याकडे मिश्रण कसे भरले जाते, ते दाखवाल का? कुठे तयार ३२ टक्के मेम्ब्रेन यंत्रणेतून (हवेतला नायट्रोजन गाळून कमी करणाऱ्या) येते, कुठे रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन भरून वर हवा भरतात. दुसऱ्या पद्धतीत टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेले असावे लागतात, कारण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंशही पेट घेऊ शकतो. ४० टक्क्यांपर्यंतच्या तयार मिश्रणाला नेहमीचा रेग्युलेटर चालतो असे बहुतेक एजन्सी मानतात. तरी उत्पादकाच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे. युरोपात नायट्रॉक्ससाठी वेगळ्या आट्यांचा व्हॉल्व्ह, एम २६, ठरवलेला आहे. आपला रेग्युलेटर घेऊन तिकडे जाणार असाल तर आधी चौकशी करा.

एका वर्गात किती विद्यार्थी असतात आणि थिअरीची उजळणी समोरासमोर होते का, एवढे विचारले की पुरे. ऑनलाइन थिअरी वाईट नसते. आपल्या वेगाने शिकता येते, मागे जाऊन वाचता येते. पण ती संपल्यावर इन्स्ट्रक्टरबरोबर तासभर बसून चुकलेले प्रश्न सोडवले पाहिजेत. परीक्षेत बरोबर पर्यायावर खूण केली म्हणजे समजलेच असे नाही.

किमतीबद्दल एकच. तुलना करताना पुस्तक किंवा ऑनलाइन साहित्य, कार्डाचे शुल्क, टाक्या आणि डायव्ह हे सगळे मिळवून आकडा काढा. वरवर स्वस्त दिसणाऱ्या कोर्समध्ये यातले एकदोन घटक हमखास बाहेर ठेवलेले असतात.

पायरी ५: कोर्सच्या आधीच्या आठवड्यात

कॉम्प्युटरची पुस्तिका काढून मिश्रण कुठे बदलायचे, आंशिक दाबाची मर्यादा कुठे बसवायची, सीएनएस टक्के कुठे दिसतात, हे शोधून ठेवा. काही कॉम्प्युटर डायव्हनंतर ठराविक वेळाने मिश्रण आपोआप बदलतात: काही परत हवेवर जातात, काही मुद्दाम फार सावध अशा आकड्यावर. तुमचा काय करतो हे माहीत नसेल तर दुसऱ्या डायव्हला गोंधळ ठरलेला.

आरोग्याची प्रश्नावली खरी भरा. झटक्यांचा पूर्वेतिहास असेल तर डायव्हिंगचे ज्ञान असलेल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाक मोकळे करणारी स्यूडोएफेड्रिनयुक्त औषधे घेत असाल तर तेही सांगा. ऑक्सिजनच्या विषबाधेचा धोका ती वाढवतात अशी शंका घेतली जाते, म्हणून नायट्रॉक्सबरोबर ती टाळण्याचा सल्ला दिला जातो.

पायरी ६: टाकी तपासणे, हातात मुरेपर्यंत

सगळ्या कोर्सचा गाभा हा आहे. त्यासाठी सावकाश वेळ द्या.

ॲनालायझर सुरू करून आधी साध्या हवेवर धरा आणि आकडा २०.९ वर आणा. आतला सेन्सर कालांतराने संपतो. आकडा स्थिर होत नसेल, तरंगत असेल, तर तो ॲनालायझर बाजूला ठेवा. 'साधारण बरोबर आहे' हे उत्तर इथे चालत नाही. कॅलिब्रेशन ज्या प्रवाहाने केले, जवळपास त्याच प्रवाहाने टाकी तपासायची. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा; जोरात उघडला तर आकडा चुकतो आणि सेन्सरही बिघडू शकतो. आकडा थांबेपर्यंत वाट पाहा. मग एकदा परत हवेवर धरून २०.९ येते का बघा. परत आले तर मधले मोजमाप विश्वासाचे.

समजा आकडा आला ३२.४. कमाल खोली काढताना ३३ धरा, म्हणजे ३२.४ मीटर येतात, लिहायचे ३२. कॉम्प्युटर पूर्ण टक्केच घेत असेल तर त्यात ३२ भरा, म्हणजे नायट्रोजनचा हिशेब सावध राहतो. अशा वेळी कॉम्प्युटर थोडी जास्त कमाल खोली दाखवेल. पाळायची मात्र टाकीवर लिहिलेली. आकडा अपेक्षेपेक्षा एका टक्क्याहून जास्त वेगळा आला तर पुन्हा तपासा, आणि तरीही तोच आला तर भरणाऱ्याला विचारा. मागितले ३२ आणि आले ३६, ही टाकी ३० मीटरच्या डायव्हला नेता येत नाही. ती २८ मीटरच्या आतल्या डायव्हसाठी ठेवा किंवा बदलून घ्या.

मग टाकीवर चिकटपट्टी लावा: ऑक्सिजनचे टक्के, कमाल खोली, तारीख, तुमचे नाव. सेंटरच्या नोंदवहीत तेच आकडे लिहून सही करा. सही म्हणजे 'मी स्वतः तपासले'. दुसऱ्याने तपासून सांगितलेल्या आकड्यावर सही करू नका, तो कितीही अनुभवी असो. टाकी तपासल्यानंतर नजरेआड गेली, बोटीवर हलवाहलव झाली, चिकटपट्टी निघाली, तर परत तपासा. आणि चिकटपट्टी नसलेल्या टाकीत साधी हवाच असेल असे धरून चालू नका.

हे झाले की लगेच, तिथेच उभे राहून कॉम्प्युटरमध्ये मिश्रण भरा. 'बोटीवर भरू' म्हटले की राहते. जोडीदाराला आपला आकडा सांगा, त्याचा विचारा. दोघांची मिश्रणे वेगळी असतील तर खोलीची मर्यादा जास्त ऑक्सिजनवाल्याची आणि वेळेची मर्यादा कमी ऑक्सिजनवाल्याची, असे ठरवून पाण्यात उतरा. हा साधा नियम अनेक वर्गांत सांगितलाच जात नाही. तुमच्या इन्स्ट्रक्टरने सांगितला तर समजा कोर्स चांगला निवडलात.

पायरी ७: कार्ड मिळाल्यावर

सुरुवातीच्या डायव्हला वाढलेल्या वेळेच्या मागे लागू नका. मिश्रण नायट्रॉक्सचे, पण वेळ हवेच्या मर्यादेतली, असे डायव्ह करता येतात, आणि नायट्रोजनचा भार त्याने नक्की कमी राहतो. कुणी त्यासाठी कॉम्प्युटर हवेवरच ठेवतात. तसे केले तर ऑक्सिजनकडे कॉम्प्युटरचे लक्ष नसते हे विसरू नये. कमाल खोली मग तुम्हालाच सांभाळावी लागते. मला विचाराल तर कॉम्प्युटरमध्ये खरे मिश्रण भरावे आणि सावधपणाची पातळी त्याच्या सेटिंगमधून वाढवावी. त्यात दोन्ही बाजूंवर नजर राहते. सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थोडा थांबा), सावकाश चढणे, विमानप्रवासाआधीची विश्रांती यांत नायट्रॉक्समुळे काहीही सूट मिळत नाही.

लॉगबुकात खोली आणि वेळेबरोबर टक्के, कमाल खोली आणि डायव्हअखेरचे सीएनएस टक्के लिहा. काही डायव्ह झाले की आपल्याला खरोखर कोणते मिश्रण लागते हे त्या नोंदींतून दिसू लागते. सतत २० ते २८ मीटरवर असणाऱ्याला ३६ जास्त उपयोगी, ३० च्या आसपास असणाऱ्याला ३२. दोन्हीच्या मध्ये येरझाऱ्या असतील तर ३२ वरच राहावे, कारण त्याची मर्यादा नेहमीच्या डायव्हना पुरते आणि एकच आकडा डोक्यात ठेवावा लागतो.

प्रगत नायट्रॉक्सचा कोर्स, ज्यात ४० टक्क्यांच्या वर आणि शुद्ध ऑक्सिजनपर्यंत मुभा मिळते, तो डीकम्प्रेशन डायव्हिंगकडे नेणारा आहे. तिथे एकाहून जास्त टाक्या, पाण्याखाली मिश्रण बदलणे आणि त्यातले धोके येतात. पहिला कोर्स सोपा गेला म्हणून लगेच त्यात नाव घालू नका. चुकीच्या खोलीवर चुकीच्या टाकीतून श्वास घेणे, ही तिथली मोठी चूक, आणि ती टाळण्याची सवय पहिल्याच पातळीवर टाक्या तपासून लागते.

नायट्रॉक्सच्या कार्डाला सहसा मुदत नसते, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या खंडानंतरही सेंटर टाकी देईल. अशा वेळी पहिल्या दिवशी लवकर पोहोचा आणि तिथल्या इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांगा: मध्ये खंड पडला आहे, तुमचा ॲनालायझर मला नवा आहे, मी टाकी तपासतो, तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. कॅलिब्रेशनपासून चिकटपट्टीपर्यंत सगळे दहा मिनिटांत होते. त्या दहा मिनिटांना कुरकुर करणाऱ्या सेंटरमधून टाकी घेऊ नका.